आधी तास मोजा, मग मालिका निवडा: कोरियन, चिनी आणि जपानी मालिकांचं गणित

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: कोरियन मालिकांपासून सुरुवात झाली, मग चिनी आणि जपानी आल्या. आता 'पाहायच्या' यादीत चाळीसेक नावं आहेत आणि पाच मालिका अर्धवट पडल्या आहेत. रोज रात्री जेमतेम तासभर मिळतो. शनिवार-रविवारी आई सोबत बसते, पण तिला इंग्रजी सबटायटल वाचणं जमत नाही. अशात मालिका निवडायची कशी, आणि चालू मालिकांच्या सोबत राहायचं कसं?

याला उत्तर म्हणून आणखी दहा नावं सांगितली तर तुमची यादी पन्नासची होईल, बाकी काही बदलणार नाही. तुमच्या वर्णनावरून अडचण वेगळीच दिसते. निवड करताना तुम्ही नट, विषय आणि रेटिंग पाहता. मालिका सुटते मात्र तिच्या लांबीमुळे आणि प्रसारणाच्या लयीमुळे. म्हणून मालिकेचा आकार आधी बघा, गोष्ट नंतर.

कोरियन मालिकेचा रूढ साचा १६ भागांचा, एक भाग ६० ते ७० मिनिटांचा. म्हणजे सतरा-अठरा तास. जपानी हंगामी मालिका ९ ते ११ भागांची आणि भाग सुमारे ४५ मिनिटांचा, त्यामुळे ती सात-आठ तासांत संपते. ४० भागांची चिनी मालिका, सुरुवातीचं गाणं आणि शेवटची नामावली गाळली तरी, सव्वीस-सत्तावीस तास घेते. कोरियाच्या केबीएस वाहिनीवरची शनिवार-रविवारची कौटुंबिक मालिका ५० भागांच्या आसपास जाते, तिला पंचावन्न-साठ तास लागतात. रोज एक तास धरला तर जपानी मालिका आठवडाभराची, कोरियन अडीच आठवड्यांची, चिनी जवळपास महिन्याची आणि ती कौटुंबिक मालिका दोन महिन्यांची. यादीतल्या प्रत्येक नावापुढे एवढा एकच आकडा लिहा. चाळीस नावांपुढे मिळून सातशे-आठशे तास दिसले की अर्धी नावं तुम्ही स्वतःच खोडाल.

दुसरी गोष्ट लोक सहसा लक्षात घेत नाहीत. तुमच्याकडे रोज एक तास आहे आणि कोरियन भाग सत्तर मिनिटांचा आहे. तो रात्री साठाव्या मिनिटाला बंद केलात तर नेमका शेवटचा तुकडा राहतो. कोरियन लेखक भागातला सगळ्यात मोठा धक्का त्याच तुकड्यात ठेवतात. दुसऱ्या दिवशी तो तुकडा पाहून पुढच्या भागात शिरलं की दोन्हींची लय मोडते, आणि असं चार-पाच दिवस झालं की मालिका 'कंटाळवाणी' वाटू लागते. म्हणून तुमच्यासाठी सरळ विभागणी अशी: सोमवार ते शुक्रवार जपानी किंवा चिनी, ४५ मिनिटांचे भाग, शनिवार-रविवारी कोरियन. 'रिप्लाय १९८८' सारख्या मालिकेचे तर बरेचसे भाग दीड तासाच्या घरात जातात, ती आठवड्याच्या मधल्या रात्रींना घेऊच नका.

एकच गोष्ट किती वेगवेगळ्या मापात येते याचं उत्तम उदाहरण म्हणजे 'हाना योरी दांगो' ही योको कामिओ यांची जपानी माँगा, म्हणजे चित्रकथा. तिच्यावर तैवानने २००१ मध्ये 'मीटिऑर गार्डन' केली, जपानने २००५ मध्ये ९ भागांत मांडली, कोरियाने २००९ मध्ये 'बॉईज ओव्हर फ्लॉवर्स' नावाने २५ भागांत, आणि २०१८ची चिनी आवृत्ती पन्नासच्या जवळ गेली. चारही पाहणारे चाहते आहेत, पण ज्याला फक्त ही गोष्ट हवी आहे त्याने जपानी घ्यावी आणि ज्याला त्या मुलांबरोबर महिनाभर राहायचं आहे त्याने चिनी.

आता कोरियन मालिकांबद्दल थोडं सविस्तर, कारण अर्धवट सुटलेल्या पाचांपैकी तीन तिथल्याच आहेत असं तुम्ही लिहिलंय.

कोरियात मालिका आठवड्याला दोन भाग अशी चालते: सोमवार-मंगळवार, बुधवार-गुरुवार, शुक्रवार-शनिवार किंवा शनिवार-रविवार. सोळा भाग म्हणजे आठ आठवडे. लेखनही याच जोडीच्या हिशोबाने होतं. पहिला भाग जग उभं करतो, दुसऱ्याच्या शेवटी पुढच्या आठवड्यापर्यंत धरून ठेवणारी गाठ असते. म्हणून एका भागावर मालिका पारखू नका, दोनवर पारखा. पण दोनवरही अंतिम निकाल देऊ नका. सुरुवातीच्या भागांवर पैसा आणि वेळ सगळ्यात जास्त खर्च होतो, परदेशातलं चित्रण असलं तर ते बहुधा इथेच असतं. चौथ्या भागापर्यंत हा थाट ओसरतो आणि मालिका रोज कशी चालणार आहे ते दिसतं. दोनवर आवडली नाही आणि चौथ्यावरही ओढ नाही, तर सोडा. अपवाद मुद्दाम संथ लिहिलेल्या मालिकांचा. पार्क हे-यंग यांची 'माय मिस्टर' (२०१८) किंवा 'माय लिबरेशन नोट्स' (२०२२) पहिल्या चार भागांत जवळजवळ फक्त माणसं आणि त्यांचा थकवा दाखवते. त्यांना सहा भाग द्या. दोन्ही मालिका त्या धीराची पुरेपूर परतफेड करतात असं माझं ठाम मत आहे.

सोळा भागांच्या मालिकेत सुटण्याची दुसरी जागा नवव्या ते बाराव्या भागात असते. आठव्या भागाच्या आसपास मुख्य जोडी एकत्र येते किंवा पहिलं रहस्य फुटतं, आणि पुढचा मोठा पेच तेराव्या-चौदाव्याला येणार असतो. मधली जागा उपकथानकांनी भरली जाते. हे ठाऊक असेल तर त्या चार भागांत मालिका बिघडली असं समजून सोडणार नाही. ते चार भाग एका शनिवार-रविवारी सलग पाहून टाका, उतार जाणवत नाही.

जुन्या मालिकांत ही घसरण जास्त दिसते, त्याला कारण आहे. पूर्वी मोजके भाग चित्रित करून प्रसारण सुरू व्हायचं आणि उरलेलं चित्रण प्रसारणासोबतच चालायचं. संहितेची पानं कधीकधी त्याच दिवशी हातात पडायची. लोकप्रिय मालिका लांबवलीही जायची: २००६-०७ची 'जुमाँग' ६० भागांची ठरली होती, ८१ पर्यंत गेली. 'डिसेंडंट्स ऑफ द सन' (२०१६) पूर्ण चित्रित करून मग दाखवली गेली आणि प्रचंड चालली. पुढे २०१८ पासून आठवड्याला कमाल ५२ तास कामाचा नियम टप्प्याटप्प्याने लागू झाला, आणि ओटीटीचे पैसे आल्यावर आधी चित्रण ही पद्धत रुळली. थोडक्यात, २०१६च्या आधीची मालिका निवडताना शेवटच्या भागांबद्दल लोक काय म्हणतात ते, गोष्ट न फोडता, आधी विचारून घ्या. नंतरच्या मालिकांत ही काळजी कमी.

भागांच्या आकड्यात एक फसगत होते. २०१७ ते २०२१च्या दरम्यान केबीएस, एमबीसी आणि एसबीएस या वाहिन्या तासाभराच्या भागाचे दोन तुकडे करून दाखवत होत्या, कारण त्यांना एका कार्यक्रमाच्या मध्ये जाहिराती घालायला परवानगी नव्हती. ती जुलै २०२१ मध्ये मिळाली. त्यामुळे त्या काळातली मालिका एका ठिकाणी १६ भागांची दिसते आणि दुसरीकडे ३२. 'बत्तीस भाग, नको' म्हणून टाकण्याआधी एका भागाची मिनिटं पाहा. पस्तीस असतील तर ती साधी सोळाचीच मालिका आहे.

चिनी मालिकांचा हिशोब निराळा. २०११ची 'एम्प्रेसेस इन द पॅलेस' ७६ भागांची, २०१८ची 'स्टोरी ऑफ यान्शी पॅलेस' ७० भागांची. फेब्रुवारी २०२० मध्ये तिथल्या प्रसारण नियामकाने मालिका ४० भागांपेक्षा लांब नको, ३० च्या आत असली तर उत्तम, अशी सूचना काढली, तेव्हापासून आकडे आटोक्यात आले. मोठी गोष्ट दोन-तीन हंगामांत विभागलेलीही सापडते, आणि तिथे थांबावं लागतं: 'जॉय ऑफ लाइफ'चा ४६ भागांचा पहिला हंगाम २०१९ मध्ये मोठ्या पेचावर थांबला, दुसरा थेट २०२४ मध्ये आला. सुरू करण्याआधी पुढचा हंगाम आलाय का एवढं बघा.

तुमच्यासारख्या तासभर वेळ असलेल्या माणसाने चिनी मालिकांत छोट्या दारातून शिरावं. आयचीयी या चिनी ओटीटीने २०२० मध्ये १२ भागांच्या रहस्यमालिका आणल्या, 'द बॅड किड्स' आणि 'द लाँग नाइट' त्यातल्याच. टेन्सेंट या दुसऱ्या चिनी कंपनीची 'द लाँग सीझन' (२०२३) हीसुद्धा १२ भागांची, आणि ईशान्य चीनमधल्या बंद पडत चाललेल्या कारखान्यांच्या गावाचं इतकं नेमकं चित्र क्वचित पाहायला मिळतं. या मालिका दोन आठवड्यांत संपतात आणि चिनी लेखन किती ताकदीचं आहे ते कळतं. ऐतिहासिक मालिकांकडे त्यानंतर वळा. तिथे पहिल्या चार भागांत राजवाड्यातली वीसेक नावं येऊन आदळतात, म्हणून पारखायला पाच-सहा भाग द्यावे लागतात. ओठ आणि आवाज जुळत नाहीत याने बिचकू नका, बऱ्याच चिनी मालिकांत, मूळ चिनीतसुद्धा, आवाज दुसऱ्या कलाकारांचे असतात.

चालू असताना चिनी मालिका मात्र धरू नका. तिथे सभासदांना पहिल्या दिवशी चार-सहा भाग एकदम मिळतात आणि नंतर जवळपास रोज एक-दोन. ४० भाग तीन-चार आठवड्यांत संपतात. रोज नव्वद मिनिटं दिल्याशिवाय त्या वेगाने जाता येत नाही, आणि मागे पडलं की चर्चेतून शेवट कानावर येतोच. संपू द्या, मग घ्या. टेन्सेंटच्या वीटीव्हीचं ॲप नोव्हेंबर २०२० मध्ये भारताने बंदी घातलेल्या ४३ ॲपांत होतं, त्यामुळे भारतात नेटफ्लिक्स, आशियाई मालिकांचं वीकी, आयचीयी किंवा निर्मात्यांची अधिकृत यूट्यूब चॅनेलं इथेच शोधावं लागतं.

जपानी मालिका वर्षातून चार वेळा बदलतात: जानेवारी, एप्रिल, जुलै आणि ऑक्टोबर. आठवड्याला एकच भाग, पहिला भाग सहसा दहा-पंधरा मिनिटं जास्त लांब. चालू मालिकेसोबत राहायचं असेल तर हाच सगळ्यात सोपा प्रकार, आठवड्याला पाऊण तास पुरतो. अकिको नोगी यांची 'अननॅचरल' (२०१८, १० भाग) सारख्या मालिकेत प्रत्येक भागात एक प्रकरण पूर्ण होतं आणि मोठा धागा मागून सरकत राहतो, त्यामुळे मध्ये आठवडा चुकला तरी सूत्र तुटत नाही. मात्र जपानी मालिका भारतात अधिकृतपणे मिळणं अजूनही तुलनेने अवघड आहे, म्हणून नाव आवडलं की आधी ते इथे उपलब्ध आहे का पाहा, मगच यादीत टाका.

रेटिंगबद्दल. मायड्रामालिस्टसारख्या, प्रेक्षक गुण देतात अशा संकेतस्थळांवर चालू मालिकेला मिळणारे गुण चाहत्यांचे असतात. ज्याला आवडली नाही तो चौथ्या भागाला निघून गेलेला असतो आणि सहसा गुण देत नाही. मालिका संपून दोन-तीन महिने झाले की आकडा थोडा खाली येऊन खरा होतो. कोरियातले टीव्ही रेटिंगही जपून वाचा. 'क्वीन ऑफ टिअर्स'चा शेवटचा भाग २०२४ मध्ये २४.८ टक्क्यांवर गेला, 'माय लिबरेशन नोट्स'चा जेमतेम साडेसहा-सात टक्क्यांवर होता. हे आकडे किती घरांत टीव्हीवर ती मालिका लागली होती ते सांगतात, मालिका किती टिकाऊ आहे ते नाही.

त्यापेक्षा लेखक आणि दिग्दर्शक पाहा. नट दर मालिकेत वेगळ्या जगात जातो, लेखकाचं जग फारसं बदलत नाही. 'सिग्नल' (२०१६) आवडली असेल तर लेखिका किम उन-ही यांचं दुसरं काम घ्या, आणि दिग्दर्शक किम वॉन-सॉक यांचंही: 'मिसेंग', 'माय मिस्टर' आणि २०२५ची 'व्हेन लाइफ गिव्ह्ज यू टँजरिन्स' त्यांच्याच. या शेवटच्या मालिकेच्या लेखिका लिम सांग-चुन, म्हणजे 'व्हेन द कमेलिया ब्लूम्स'च्या लेखिका. अशी साखळी धरली की पुढची मालिका निवडायला कुणाला विचारावं लागत नाही.

आता आईचा भाग, आणि मला तो सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण सोबत पाहणारं माणूस असेल तर मालिका सहसा पूर्ण होते. नेटफ्लिक्सवर आणि ॲमेझॉन एमएक्स प्लेयरवर बऱ्याच कोरियन मालिका हिंदी डबिंगसह आहेत. पण पहिल्या भागाला हिंदी दिसली म्हणून सुरू करू नका. शेवटचा भाग उघडून ध्वनीच्या यादीत हिंदी आहे का ते आधी पाहा. चालू मालिकेत डबिंग कधीकधी मूळ भागामागून येतं, त्यामुळे आईसाठी संपलेलीच मालिका घ्या. हिंदी आवाज लावला तरी पडद्यावरचे फोनवरचे संदेश, पाट्या, पत्रं डब होत नाहीत, आणि कोरियन मालिकांत अर्धा गैरसमज फोनच्या पडद्यावर घडतो. तेव्हा इंग्रजी सबटायटल चालू ठेवा आणि तेवढं तुम्ही मोठ्याने वाचून सांगा. तुम्ही एकटे मूळ आवाजात पाहाल तेव्हा 'इंग्रजी (सीसी)' न निवडता साधं 'इंग्रजी' निवडा. सीसी म्हणजे कमी ऐकू येणाऱ्यांसाठीचं सबटायटल, ते बरेचदा इंग्रजी डबिंगच्या संवादांवरून केलेलं असतं, त्यात मूळ वाक्याचा अर्थ पातळ होतो. वीकीवर प्रत्येक भाषेपुढे सबटायटल किती टक्के झालं ते दिसतं. शंभर नसेल तर थांबा.

आईसोबतच्या निवडीत वयाची खूण बघून घ्या. कोरियात १५ आणि १९ या दोन खुणा मुख्य. १५ च्या मालिका बहुतांशी घरात बसून पाहता येतात, १९ च्या मालिकांत हिंसा उघडी असते. विषयाचं म्हणाल तर 'रिप्लाय १९८८' मधली साँगमुनदाँगची गल्ली, जिथे पाच घरं संध्याकाळी एकमेकांकडे वाट्या पाठवतात, ती आपल्याकडच्या चाळीत वाढलेल्या माणसाला समजावून सांगावी लागत नाही. तिला हिंदी आवाज मिळतो का ते मात्र वर सांगितलं तसं तपासून घ्या.

आठवड्याची मांडणी तुमच्या वेळेत अशी बसेल. चालू कोरियन मालिका एकच, दोन भागांचे मिळून सव्वादोन तास. शनिवार-रविवारची घेतलीत तर कोरिया आपल्यापुढे साडेतीन तास आहे हे लक्षात ठेवा: तिथे रात्री नवाच्या सुमारास सुरू झालेला भाग आपल्याकडे संध्याकाळी साडेपाचला सुरू झालेला असतो, आणि प्लॅटफॉर्मवर सहसा त्याच रात्री येतो. म्हणून शनिवारचा भाग रविवारी दुपारी आणि रविवारचा सोमवारी रात्री, असा एक दिवस मागे राहा, घाई होत नाही. सोमवार हा वरच्या विभागणीला अपवाद, त्या सत्तर मिनिटांसाठी तो थोडा लांबवा. मंगळवार ते शुक्रवार एक संपलेली मालिका, जपानी किंवा छोटी चिनी. शनिवार आईचा. यापलीकडे आणखी एखादी मालिका घेतलीत की पुन्हा पाच अर्धवट होतील.

चालू मालिकेत चार भाग मागे पडलात, तर दीडपट वेगाने पळवून गाठायचा प्रयत्न करू नका. शांतता हाच कोरियन दृश्यांचा अर्धा भाग असतो, तो वेगात हरवतो. सरळ तिला 'संपल्यावर' या यादीत टाका आणि नवी चालू मालिका धरा. चुसॉक हा कोरियन सुगीचा सण, चांद्र नववर्ष, मोठे सामने अशा वेळी एखादा भाग रद्दही होतो. भाग आला नाही तर ॲप बिघडलं असं समजण्याआधी वाहिनीचं वेळापत्रक बघा.

नावांचा गोंधळ हेही अर्धवट सोडण्याचं मोठं कारण आहे. कोरियन आणि जपानी वाहिन्या प्रत्येक मालिकेच्या अधिकृत पानावर पात्रांच्या नात्यांचा तक्ता लावतात, फोटो आणि बाणांसकट. ब्राउझरमधून भाषांतर करून घ्या आणि स्क्रीनशॉट फोनमध्ये ठेवा. शिवाय यादीत नाव लिहिताना वर्ष आणि मूळ लिपीतलं नावही चिकटवा: 'सिग्नल' कोरियाची २०१६ची आहे आणि जपानची २०१८चीही आहे.

राहिल्या त्या पाच मालिका. ज्या चौथ्या भागाच्या आत सुटल्या त्या कायमच्या सोडल्या असं नोंदवा. आठव्या ते बाराव्या भागात सुटलेली कोरियन मालिका परत घ्या, पण पहिल्यापासून नको: शेवटच्या पाहिलेल्या भागाची शेवटची पंधरा मिनिटं आणि नात्यांचा तक्ता एवढ्यावर सूत्र परत हाती येतं. चाळीस भागांच्या चिनी मालिकेत दहाव्याच्या आत सुटली असेल तर सुट्टी लागेपर्यंत तिला हात लावू नका. आणि परत घ्यायच्या ठरलेल्या मालिकांत क्रम लावताना आधी प्लॅटफॉर्मवर जाऊन तपशिलाचं पान उघडा. हक्कांची मुदत संपत आली असेल तर नेटफ्लिक्स तिथे शेवटची तारीख दाखवतो. जिच्यावर ती तारीख आहे, तिलाच या शनिवारी लावा.